टीव्हीऐवजी कॉम्प्युटरचा मॉनिटर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात पडून असलेल्या मॉनिटरवर टीव्ही बघता येतो का, याचं उत्तर बहुतेक वेळा ‘येतो’ असंच असतं. पडद्यावर चित्र आणणं हा त्यातला सोपा भाग. गाडी अडते ती आवाजावर, रिमोटवर आणि बॉक्समधल्या एखाद्या सेटिंगवर. म्हणून खाली जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

सुरुवात करण्याआधी

मॉनिटरला ट्यूनर नसतो. मग चॅनल लागणार कसे?

चॅनल लावायचं काम सेट-टॉप बॉक्स करतो, टीव्ही नाही. मुंबईत २०१२च्या ऑक्टोबरअखेर आणि पुणे, नागपूरसारख्या शहरांत २०१३च्या मार्चअखेर केबल डिजिटल करायची मुदत होती. २०१७च्या मार्चपर्यंत उरलेल्या गावांचीही पाळी आली. केबल डिजिटल झाल्यापासून केबलवाल्याची वायर थेट टीव्हीला लावून काही दिसत नाही, आणि डीटीएचला तर पहिल्यापासून बॉक्स लागतोच. म्हणजे हॉलमधला टीव्हीसुद्धा इतकी वर्षं बॉक्सचा मॉनिटर म्हणूनच चालला आहे. त्याच्या जागी खरा मॉनिटर ठेवला तर बॉक्सला फरक पडत नाही.

अपवाद एक. काही नव्या टीव्हींमध्ये सॅटेलाइट ट्यूनर आतच असतो आणि डीडी फ्री डिशच्या छत्रीची वायर थेट मागे लावता येते. मॉनिटरला ती सोय नाही. फ्री डिशचा वेगळा बॉक्स घ्यावा लागेल. गच्चीवरच्या जुन्या अँटेनाचा विचार सोडा. दूरदर्शनची ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रं जवळजवळ सगळी बंद झाली आहेत.

माझा मॉनिटर चालेल का, हे पटकन कसं ओळखायचं?

मॉनिटर उलटा करून मागची किंवा खालची सॉकेटं बघा.

एचडीएमआय असेल तर निम्मं काम झालं. हे सॉकेट चपटं असतं आणि त्याचे खालचे दोन्ही कोपरे तिरके कापलेले असतात. तसंच दिसणारं, पण एकच कोपरा कापलेलं असेल तर ते डिस्प्लेपोर्ट. पांढरं, रुंद, भरपूर भोकांचं आणि दोन्ही बाजूंना स्क्रू असलेलं ते डीव्हीआय. निळं, तीन ओळींत पंधरा भोकं असलेलं ते व्हीजीए.

मग एक छोटं गोल ३.५ मिमीचं भोक शोधा, हेडफोन जातो तसं. ते आहे का आणि त्याच्या शेजारी नेमकं काय छापलं आहे, हे टिपून ठेवा. आवाजाच्या भागात त्याची गरज पडणार आहे.

लॅपटॉपच्या एचडीएमआयमध्ये बॉक्सची वायर लावली, काहीच दिसत नाही.

दिसणारही नाही. लॅपटॉपचं एचडीएमआय सॉकेट चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतं, आत घेण्यासाठी नाही. लॅपटॉपचा पडदा टीव्हीसारखा वापरायचा तर बाहेरचं चित्र यूएसबीतून आत घेणारं कॅप्चर डिव्हाइस लागतं, आणि त्यातही बॉक्सचं कॉपी-संरक्षण आडवं येतं. ऑल-इन-वन कॉम्प्युटरपैकी काहींना मात्र ‘एचडीएमआय इन’ असतं. सॉकेटजवळ ‘इन’ हा शब्द छापलेला आहे का ते बघा.

जोडणी

बॉक्सलाही एचडीएमआय, मॉनिटरलाही एचडीएमआय. काय करायचं?

१. दोन्हींचे प्लग काढा. चालू उपकरणांत वायर घालता येते, पण केबलच्या वायरमधून कधी कधी झटका येतो आणि एचडीएमआयचं सॉकेट त्यात जळू शकतं.

२. एचडीएमआय वायर दोन्हीकडे पूर्ण आत ढकला. दीड-दोन मीटरची साधी वायर पुरते. फुल एचडीसाठी सोनेरी मुलाम्याच्या महाग वायरीची गरज नाही.

३. आधी मॉनिटर चालू करा, मग बॉक्स. चालू होताना बॉक्स समोरच्या पडद्याला ‘तुला काय झेपतं’ हे विचारतो. त्या वेळी पडदा बंद असला तर काही बॉक्स चुकीचं रिझोल्यूशन धरून बसतात.

४. मॉनिटरच्या बटणांनी इनपुट एचडीएमआय करा. ‘ऑटो’वर ठेवलं तर शेजारी कॉम्प्युटर जोडलेला असताना मॉनिटर आपल्या मनाने उड्या मारत राहतो.

मॉनिटरला फक्त व्हीजीए आहे.

एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर लागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत तीनशे-चारशे रुपयांच्या आसपास मिळतो. घेताना तीन गोष्टी पाहा.

पहिली, त्याला ३.५ मिमीचं आवाजाचं भोक हवं. व्हीजीएमधून आवाज जात नाही. तो इथूनच बाहेर काढायचा आहे.

दुसरी, वेगळी वीज द्यायला छोटं यूएसबी सॉकेट हवं. एचडीएमआयच्या ५ व्होल्टच्या पिनमधून फक्त ५५ मिलिअँपिअरची हमी असते आणि हे कन्व्हर्टर त्याहून जास्त ओढतात. लॅपटॉप ते खपवून घेतो, सेट-टॉप बॉक्स पुष्कळदा घेत नाही. चित्र दहा मिनिटं येऊन जात असेल किंवा थरथरत असेल तर आधी कन्व्हर्टरला मोबाइलच्या चार्जरची वीज द्या.

तिसरी, एचडीसीपी. हे कॉपी रोखणारं कुलूप आहे: बॉक्स समोरच्या उपकरणाला खूण विचारतो, बरोबर उत्तर आलं नाही तर चित्र देत नाही. काही स्वस्त कन्व्हर्टर उत्तर देतात, काही देत नाहीत, आणि पाकिटावरून ते कळत नाही. ‘चाललं नाही तर परत घेणार’ हे दुकानदाराकडून आधी कबूल करून घ्या, शक्य तर बॉक्सच दुकानात न्या.

आणि दिशा तपासा. ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ नावाची हुबेहूब तशीच वस्तू त्याच हुकाला टांगलेली असते. ती उलट्या कामाची आहे.

डीव्हीआय असेल तर?

एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला डीव्हीआय असलेली वायर घ्या. मधे कन्व्हर्टर नको, कारण दोन्हींतला चित्राचा सिग्नल एकच असतो. जुन्या डीव्हीआय मॉनिटरना एचडीसीपी नसू शकतं, तिथे पडदा काळा राहतो. आवाज या वाटेने येणार नाही असंच धरून चला.

फक्त डिस्प्लेपोर्ट असलेला ऑफिसचा जुना मॉनिटर घेतला आहे.

इथे पैसे वाया जातात. बाजारातल्या बहुतेक ‘डिस्प्लेपोर्ट-एचडीएमआय’ वायरी कॉम्प्युटरच्या डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय पडद्याकडे, एकाच दिशेने चालतात. बॉक्सच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टमध्ये जायला यूएसबीची वीज घेणारा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो आणि तो महाग पडतो. ऑफिसचे जुने मॉनिटर विकत घेणार असाल तर एचडीएमआय असलेलाच निवडा.

बॉक्स जुना आहे. पिवळी, लाल आणि पांढरी पिन एवढंच आहे.

पिवळ्यातून चित्र, लाल-पांढऱ्यातून आवाज. त्यासाठी एव्ही टू एचडीएमआय नावाची काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी मिळते. तिला ५ व्होल्टचा चार्जर लावायचा, तीन पिना घालायच्या आणि पलीकडून एचडीएमआय घ्यायचं. वर ७२० आणि १०८० असं एक बटण असतं; चित्र येत नसेल तर ते हलवून पाहा. इथेही ‘एचडीएमआय टू एव्ही’ ही उलटी डबी हातात पडण्याची शक्यता भरपूर.

चित्र जुन्या टीव्हीइतकंच येईल, त्याहून बरं नाही. पिवळ्या पिनमधून एसडी, म्हणजे एचडीच्या आधीचं कमी बिंदूंचं चित्रच जातं. डबीवर १०८० लिहिलं म्हणून तपशील वाढत नाही. केबलवाल्याकडून एचडी बॉक्स बदलून मिळत असेल तर डबीवर पैसे घालण्याआधी ते विचारा.

ज्यांच्याकडे पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा ‘टीव्ही ट्यूनर बॉक्स’ माळ्यावर असेल, तो खाली काढा. त्याचा अँटेनाचा भाग निकामी झाला असला तरी बहुतेकांना एव्ही इनपुट असतं आणि त्यातून व्हीजीए मॉनिटरला चित्र नीट मिळतं. सोबत त्याचा रिमोट सापडला तर आवाज कमी-जास्त करायचीही सोय झाली.

एचडीएमआय सॉकेट एकच आहे, जोडायच्या गोष्टी तीन.

एचडीएमआय स्विच घ्या, तीन आत आणि एक बाहेर. रिमोट असलेला घ्या. ‘स्विच’ आणि ‘स्प्लिटर’ यात घोळ करू नका: स्प्लिटर एका बॉक्सचं चित्र दोन पडद्यांवर देतो.

चित्र

‘आउट ऑफ रेंज’ किंवा ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ असं येतं.

आपल्याकडच्या एचडी वाहिन्या १०८०आय, ५० हर्ट्‌झ या पद्धतीने येतात आणि बॉक्सही बहुधा तेच पुढे पाठवतो. टीव्हीला हे समजतं. कॉम्प्युटरसाठीच बनवलेल्या काही मॉनिटरना ‘आय’ म्हणजे आडव्या ओळी एकाआड एक पाठवण्याची पद्धत समजत नाही, काहींना ५० हर्ट्‌झ चालत नाही.

उपाय बॉक्सच्या सेटिंगमध्ये आहे: व्हिडिओ किंवा डिस्प्ले आउटपुट ७२०पी करा, नाहीतर १०८०पी. पण मॉनिटरवर काहीच दिसत नसताना मेनू उघडणार कसा? बॉक्स शेजारच्या टीव्हीला लावा, बदल करा, सेव्ह करा आणि परत आणा. टीव्ही हाताशी नसेल तर बॉक्सची पिवळी पिन एखाद्या जुन्या पडद्याला जोडूनही मेनू दिसतो. काही बॉक्सच्या रिमोटवर रिझोल्यूशन बदलायचं थेट बटण असतं. ते एकेकदा दाबत पाच-पाच सेकंद थांबायचं.

आवाज येतो पण पडदा काळा. किंवा मेनू दिसतो आणि चॅनल लावला की काळं.

ही एचडीसीपीची लक्षणं. मधला कन्व्हर्टर, स्विच, स्प्लिटर सगळं काढून बॉक्स थेट मॉनिटरला लावून पाहा. थेट लावल्यावर चाललं तर दोष मधल्या वस्तूचा. थेट लावूनही काळंच असेल तर मॉनिटर जुना आहे. त्याला वर सांगितलेली ‘एव्ही टू एचडीएमआय’ डबी लावून बॉक्सच्या पिवळ्या पिनमधून चित्र द्या, कारण तिथे हे कुलूप नसतं.

फायर टीव्हीसारखी, थेट एचडीएमआयमध्ये लावायची ४के स्टिक किंवा ४के बॉक्स असेल तर ४के चित्रासाठी एचडीसीपी २.२ लागतं. ते नसेल तर बहुतेक उपकरणं गुपचूप १०८०वर येतात.

रंग धुतल्यासारखे दिसतात, काळा रंग राखाडी वाटतो.

टीव्हीच्या जगात काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५. कॉम्प्युटरच्या जगात ० आणि २५५. बॉक्स टीव्हीची भाषा बोलतो, मॉनिटर कॉम्प्युटरची समजतो. मॉनिटरच्या मेनूत ‘आरजीबी रेंज’, ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ किंवा ‘इनपुट फॉरमॅट : एव्ही/पीसी’ यांपैकी काहीतरी असेल. ते ‘लिमिटेड’, ‘लो’ किंवा ‘एव्ही’वर ठेवा. उलट तक्रार असेल, म्हणजे अंधाऱ्या दृश्यात काहीच दिसत नसेल, तर नेमकं विरुद्ध करा.

सगळे चेहरे रुंद किंवा लांबट दिसतात.

जुने चौकोनी मॉनिटर १२८० × १०२४ असतात, काही रुंद मॉनिटर १४४० × ९०० किंवा १६८० × १०५०. टीव्हीचं चित्र १६:९. मॉनिटर ते खेचून पडदाभर करतो. मेनूत ‘ॲस्पेक्ट’ किंवा ‘ओरिजिनल’ निवडा. वर-खाली काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या. मॉनिटरला तो पर्याय नसेल तर बॉक्समधली ४:३ लेटरबॉक्स सेटिंग कामी येते.

एचडी छान दिसतं, पण बाकीचे चॅनल फारच अस्पष्ट.

एसडी वाहिनीचं चित्र ७२० × ५७६ बिंदूंचं. तेवढ्यावर २४ इंची पडद्याचे २० लाखांहून जास्त बिंदू भरायचे आहेत. त्यात मॉनिटरला माणूस जवळ बसतो आणि चित्र ताणून गुळगुळीत करण्याचं टीव्हीतलं सर्किट मॉनिटरमध्ये जेमतेम असतं. उपाय दोन: बॉक्सला १०८०पी देऊन ताणायचं काम त्याच्यावर सोपवा, आणि मॉनिटरची शार्पनेस उतरवा. ज्या दोन-तीन वाहिन्या घरात रोज लागतात, समजा स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी, त्यांच्या एचडी आवृत्त्या घ्या. बाकी पॅक एसडी राहिला तरी चालतो.

क्रिकेटमध्ये कॅमेरा फिरला की चित्र झटके खातं.

प्रक्षेपण ५० हर्ट्‌झचं आणि मॉनिटर ६०वर चालतोय. सेकंदाला पन्नास चित्रं साठ जागांत बसवायची म्हणजे दर पाचातलं एक चित्र दोनदा दाखवावं लागतं, तोच झटका. बॉक्समध्ये ५० हर्ट्‌झ निवडा. मॉनिटरने घेतलं तर प्रश्न संपला. ७५ किंवा १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरमुळे हे आपोआप सुटत नाही. पाठवणारा काय पाठवतो यावर ते ठरतं.

किती लांबून बघायचं? माझा हॉल दहा-बारा फुटांचा आहे.

कर्णाच्या साधारण दीडपट अंतर सोयीचं. २४ इंची मॉनिटर म्हणजे ५३ सेमी रुंद आणि ३० सेमी उंच चित्र, त्याला एक मीटर. २७ इंचीला एक मीटरच्या जरा पुढे, ३२ इंचीला सव्वा ते दीड मीटर. हा बेडरूमचा, अभ्यासाच्या टेबलाचा, पलंगाच्या पायथ्याचा हिशोब आहे. दहा फुटांवरच्या सोफ्यावरून २४ इंची पडदा म्हणजे खिडकीतून शेजाऱ्यांचा टीव्ही बघणं.

मोजपट्टी नको असेल तर बातम्यांची वाहिनी लावा आणि नेहमीच्या जागी बसून खालची धावती पट्टी वाचा. घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला ती वाचता आली पाहिजे.

समोरून ठीक दिसतं, जमिनीवर गादी टाकून बघितलं की रंग उलटे होतात.

तुमचं टीएन पॅनल आहे, म्हणजे पडद्याचा एक प्रकार (आयपीएस आणि व्हीए हे दुसरे दोन). खालून बघितलं की काळं-पांढरं उलटल्यासारखं दिसतं. मॉनिटर पुढे झुकवा किंवा खाली ठेवा. तसल्या मॉनिटरला भिंतीवर उंच लावायच्या फंदात पडू नका. आयपीएसला हा त्रास जवळजवळ नाही. व्हीए पॅनलचे रंग बाजूने थोडे फिकट होतात, पण अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा रंग सगळ्यांत चांगला.

आवाज

चित्र आलं, आवाज नाही.

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. या क्रमाने तपासा.

मॉनिटरला स्पीकर आहेत का? पुष्कळांना नसतात. मागे जाळी दिसते ती बहुधा हवेची. मॉडेल क्रमांक शोधून खात्री करा.

स्पीकर असतील तर मॉनिटरच्या मेनूत आवाज शून्यावर किंवा ‘ऑडिओ इन’वर तर नाही ना? तो एचडीएमआयवर हवा.

मग बॉक्सचं सेटिंग. ऑडिओ आउटपुट ‘डॉल्बी डिजिटल’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ असेल तर मॉनिटरला तो सिग्नल उलगडता येत नाही. ‘पीसीएम’ किंवा ‘स्टिरिओ’ करा. काही वाहिन्यांना आवाज आहे आणि काहींना अजिबात नाही, असं असेल तर जवळजवळ नक्की हेच कारण.

हेडफोनच्या भोकात स्पीकर लावले तरी आवाज नाही.

भोकाशेजारचं अक्षर वाचा. ‘ऑडिओ आउट’ किंवा हेडफोनचं चित्र असेल तर आवाज तिथून बाहेर येतो. ‘ऑडिओ इन’ असेल तर ते कॉम्प्युटरचा आवाज मॉनिटरच्या स्पीकरमध्ये घेण्यासाठी आहे. तिथे स्पीकर लावून काही होणार नाही. पण व्हीजीए-डीव्हीआयवाल्यांना हेच भोक वरदान आहे. बॉक्सच्या लाल-पांढऱ्या पिनांतून ३.५ मिमीच्या पिनेची वायर आणून ‘ऑडिओ इन’मध्ये लावली की मॉनिटरचे स्पीकर बोलू लागतात.

मॉनिटरचे स्पीकर फारच बारीक आहेत.

दोन-दोन वॅटचे असतात, वर तोंड भिंतीकडे. पंखा चालू असला की संवाद कळत नाहीत. यातून सुटायचे मार्ग स्वस्तापासून महागाकडे असे आहेत.

घरातले जुने कॉम्प्युटर स्पीकर किंवा होम थिएटर बॉक्सच्या लाल-पांढऱ्या पिनांना थेट जोडा. मॉनिटर मधे येतच नाही. चित्र एचडीएमआयने जात असतानाही बहुतेक बॉक्सच्या या पिना चालू असतात. लाल उजवा, पांढरा डावा. आम्ही सगळ्यांना आधी हेच करायला सांगतो, कारण बॉक्सच्या रिमोटनेच आवाज कमी-जास्त होतो.

बॉक्सला किंवा स्टिकला वेगळी पिन नसेल आणि मॉनिटरला ‘ऑडिओ आउट’ असेल तर तिथून घ्या.

दोन्ही नसेल तर एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर. एचडीएमआय आत, एचडीएमआय बाहेर, आणि आवाजासाठी ३.५ मिमी किंवा ऑप्टिकल (प्रकाशातून आवाज नेणारं) सॉकेट. त्यावर ‘पास / २सीएच / ५.१’ असं सरकतं बटण असतं. ते ‘२सीएच’वर ठेवा. ‘पास’वर ठेवलं आणि मॉनिटरला स्पीकर नसतील तर पाठवणारं उपकरण ‘पुढे ऐकणारं कोणी नाही’ असं समजून आवाजच बंद करतं, आणि एक्स्ट्रॅक्टर खराब निघाला म्हणून लोक तो परत करतात.

साउंडबार आहे, एचडीएमआय एआरसीवाला.

एआरसी म्हणजे टीव्हीकडून साउंडबारकडे उलटा येणारा आवाज. मॉनिटरना ही सोय क्वचितच असते. साउंडबारला स्वतःचं ‘एचडीएमआय इन’ असेल तर बॉक्स त्यात आणि तिथून मॉनिटरला. नसेल तर बॉक्सच्या ऑप्टिकल सॉकेटमधून द्या, तेही नसेल तर ३.५ मिमीने.

ब्लूटूथ स्पीकर लावला तर ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाचा काही दशांश भाग उशिरा पोहोचतो. फायर टीव्ही स्टिक आणि गुगल टीव्हीची बहुतेक ॲप चित्र तेवढंच मागे धरून ते जुळवतात. सेट-टॉप बॉक्सच्या एव्ही पिनेला लावायचा ब्लूटूथ ट्रान्समीटर तसं करू शकत नाही. बॉक्ससाठी वायरच बरी.

स्पीकरमधून सतत ‘घूं’ येतं.

बॉक्सच्या मागची केबलची किंवा छत्रीची वायर काढून पाहा. ‘घूं’ थांबलं तर केबलच्या जाळीच्या अर्थिंगमध्ये आणि घरच्या अर्थिंगमध्ये फरक आहे. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरीही राहिलं तर आवाजाच्या वायरीत ३.५ मिमीचा ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. थ्री-पिनची जाड पिन तोडून गुणगुण जाते खरी, पण तो धोका घेऊ नका.

रिमोट आणि स्टिक

मॉनिटरला रिमोट नाही. दर वेळी उठून बटण दाबायचं?

बॉक्स रिमोटने बंद केला की बरेच बॉक्स सिग्नल थांबवतात आणि मॉनिटर काही सेकंदांत झोपतो. बॉक्स चालू केला की जागा होतो. काही बॉक्स बंद असतानाही घड्याळ किंवा कोरा पडदा पाठवत राहतात. तिथे मॉनिटर चालूच राहील, मग भिंतीवरचं बटण.

फायर टीव्ही स्टिकच्या रिमोटने आवाज वाढत नाही.

त्या रिमोटची आवाजाची बटणं टीव्हीला हुकूम देतात, स्टिकला नाही. मॉनिटरला तो हुकूम ऐकणारा डोळा नाही आणि सीईसी, म्हणजे एचडीएमआय वायरमधूनच हुकूम घेण्याची सोय, तीही बहुधा नाही. आवाजाची खुंटी हाताशी असलेले स्पीकर घ्या किंवा स्टिकला ब्लूटूथ स्पीकर जोडा.

स्टिक सारखी रीस्टार्ट होते.

तिला मॉनिटरच्या यूएसबीमधून वीज दिली आहे का? यूएसबी २.० सॉकेट ०.५ अँपिअर देतं, ३.० सॉकेट ०.९, स्टिकसोबत येतो तो ५ व्होल्ट, १ अँपिअरचा अडॅप्टर उगाच दिलेला नसतो. तो वापरा, लांबडी पातळ यूएसबी वायर टाळा. मॉनिटरच्या मागे हवा लागत नसेल तर पाकिटातली छोटी एचडीएमआय एक्स्टेंशन लावून स्टिक बाहेर काढा.

वीज आणि भिंत

मॉनिटरने बिल कमी येईल का?

नावापुरतं. २४ इंची एलईडी मॉनिटर सुमारे २० वॅट घेतो. रोज पाच तास धरले तर महिन्याला ३ युनिट. ३२ इंची टीव्ही ४० वॅटचा धरला तर ६. फरक तीन युनिटचा.

खरी गळती बॉक्सची आहे. १२ वॅटचा बॉक्स दिवसरात्र चालू राहिला तर महिन्याला साडेआठ युनिटच्या वर जातो, मॉनिटरच्या जवळजवळ तिप्पट. रिमोटने बंद केलेला बॉक्स पुष्कळदा थोडीच वीज वाचवतो. रात्री भिंतीवरचं बटण बंद करा. सकाळी चालू व्हायला एक-दोन मिनिटं लागतील एवढंच. रेकॉर्डिंग लावलं असेल त्या रात्री मात्र चालू ठेवा.

लाइट गेल्यावर चालेल?

इथे मॉनिटर खरोखर सरस. मॉनिटर, बॉक्स आणि राउटर मिळून चाळीस-पन्नास वॅट. कॉम्प्युटरच्या साध्या ६०० व्हीए यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. नवी असेल तर पाऊण ते एक तास निघतो, दोन-तीन वर्षांची झाली असेल तर पंधरा-वीस मिनिटं. राउटरच्या १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसवर मॉनिटर लावण्याआधी अडॅप्टरवरचा आकडा वाचा. बरेच मॉनिटर १९ व्होल्टचे असतात.

भिंतीवर लावायचा आहे.

मागे चार भोकं हवीत, ७५ × ७५ किंवा १०० × १०० मिमी अंतरावर. स्वस्त मॉनिटरना ती नसतातच, घेण्याआधी पाहा. स्क्रू एम४ आणि बहुधा १० मिमीचे. जास्त लांब स्क्रू घट्ट पिळला तर आतल्या सर्किटला किंवा पॅनलला लागतो आणि ते नुकसान वॉरंटीत बसत नाही. विटांच्या भिंतीला ८ मिमीचा साधा प्लग पुरतो. नव्या इमारतींतल्या हलक्या सिपोरेक्स ब्लॉकच्या भिंतीत तोच प्लग फिरत बाहेर येतो. तिथे त्या ब्लॉकसाठीचे लांब अँकर वापरा. बॉक्स मॉनिटरच्या मागे लपवू नका, रिमोटचा किरण पोहोचत नाही.

विकत घेताना

फक्त टीव्ही बघण्यासाठी नवा मॉनिटर घ्यावा का?

नाही. स्पीकर, रिमोट, तीन सॉकेटं आणि ॲप हे सगळं ३२ इंची साध्या टीव्हीत एकत्र येतं, आणि मॉनिटरला तेवढं जोडता जोडता खर्च तिथेच पोहोचतो. करातही फरक उरलेला नाही. ३२ इंचांपर्यंत दोन्हींना १८ टक्के जीएसटी आधीपासून होता, आणि २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या टीव्हींना आणि मॉनिटरनाही तोच आहे.

मॉनिटर घ्यावा तो एकाच पडद्यावर काम आणि करमणूक दोन्ही असेल तेव्हा: पीजीतली खोली, हॉस्टेल, एका खोलीचं बिऱ्हाड. स्वस्त ३२ इंची टीव्ही बहुतेक ‘एचडी रेडी’ म्हणजे १३६६ × ७६८ असतात. त्यांच्यावर जवळ बसून एक्सेलची शीट वाचणं डोळ्यांना शिक्षा आहे. २४ किंवा २७ इंची फुल एचडी आयपीएस मॉनिटर, दोन एचडीएमआय, एक ऑडिओ आउट आणि मागे चार भोकं, एवढं बघून घ्या.

‘स्मार्ट मॉनिटर’ काय आहे?

सॅमसंगने २०२०मध्ये एम५ आणि एम७ ही मॉडेलं आणली. एलजीचेही वेबओएस या त्यांच्या टीव्हीतल्या प्रणालीवर चालणारे मॉनिटर आहेत. वायफाय, ओटीटी ॲप, स्पीकर आणि रिमोट आतच. घरी केबल किंवा डीटीएच नसेल आणि सगळं इंटरनेटवरच बघत असाल तर वरचे निम्मे प्रश्न तुम्हाला पडणारच नाहीत. दूरदर्शनच्या वाहिन्यांसाठी प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ हे ॲप आहे, ते २०२४च्या नोव्हेंबरमध्ये गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या वेळी सुरू झालं. तुमच्या मॉनिटरच्या ॲप-दुकानात ते आहे का, हे घेण्याआधी तपासा. नसेल तर स्टिक लावावीच लागेल.

लंडनला मुलाकडे मॉनिटरच आहे, टीव्ही नाही. तिथे टीव्ही लायसन्स लागतं का?

पडदा कुठला आहे यावर ते ठरत नाही. मॉनिटर, लॅपटॉप किंवा मोबाइल, कशावरही थेट प्रक्षेपण बघितलं किंवा बीबीसी आयप्लेअर वापरलं तर ब्रिटनमध्ये लायसन्स लागतं. ओटीटीवरच्या जुन्या मालिका आणि सिनेमे, म्हणजे थेट नसलेलं काहीही, बघायला लागत नाही. पण त्याच ओटीटीवर भारताचा सामना थेट लावला की लागतं.